खरं, खोटं, बिजवर

मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी आधी माझं आधार कार्ड भिंगाखाली धरलं. खिडकीच्या उजेडात तिरकं केलं, कडेवरून नख फिरवलं आणि परत देत म्हणाले, "खरं आहे." मग भिंग कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. माझ्याबद्दलचा निकाल त्यांनी त्या दिवशी दिला नाही. पुढे चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहिले, पण तो त्यांनी राखूनच ठेवला.

भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या एकमेकींना लागून दोन खोल्या होत्या. एकीत ते राहायचे, दुसरी भाड्याने द्यायचे. मी त्यांना काका म्हणायचे. मी स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते, म्हणून ते मला लॅब म्हणायचे. नाव माहीत नव्हतं असं नाही, करारावर त्यांनी ते दोनदा वाचलं होतं. पण आपल्या दोघांचा धंदा एकच आहे असं त्यांचं पक्कं मत होतं. माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो आणि रिपोर्ट भलतंच सांगतो, घड्याळाचंही तसंच असतं, असं ते जिन्यात भेटले की सांगायचे. मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन ऐकायचे.

मुंबईच्या गोदीत, जहाजांवरची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या खात्यात त्यांची तीसेक वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडे घड्याळं तपासायला आणू लागले. हल्ली ज्याच्या घरी दुसरा सोफा येतो त्याला पुढची हौस लष्करी घड्याळाची होते. कुणाला जहाजाच्या इंजिनघरातलं पितळी गोल घड्याळ हवं असतं, कुणाला विमानतळावरचं, तबकडीवर रंगीत त्रिकोण असलेलं, कुणाला रणगाड्यातलं मुठीएवढं. विकणारा प्रत्येकाला एकच सांगतो, की हे दुसऱ्या महायुद्धातलं आहे. काकांचं म्हणणं असं, की युद्ध फार मोठं झालं हे कबूल, पण त्यात एवढी घड्याळं नव्हती. त्यांच्याकडे येणारी बहुतेक घड्याळं आपल्या मालकांपेक्षा वयाने लहान असायची.

तपासायची रीत ठरलेली होती. आधी स्क्रू. साठ-सत्तर वर्षांत पाचदहा कारागिरांनी उघडलेल्या घड्याळाच्या स्क्रूंच्या खाचा थोड्या तरी फाटलेल्या असतात. मग चावीचं भोक. दर आठ दिवसांनी चावी देणारा हात कधी ना कधी चुकतो आणि भोकाभोवती ओरखडे उठतात. मग बिनकामाची भोकं, कारण जुन्या पेटीत दुसरं यंत्र बसवलं की आधीच्या स्क्रूंच्या जागा तशाच उरतात. माणूस जिथे हात लावतो तिथेच वस्तू झिजते, असं ते म्हणायचे. खोटी वस्तू सगळीकडून सारखी झिजलेली असते, कारण झिजवणाऱ्याला त्याचा पगार मिळतो.

निकालही मोजक्या शब्दांत असायचे. खरं. खोटं. पेटी एका घड्याळाची आणि यंत्र दुसऱ्याचं निघालं तर बिजवर. तबकडी पुसून तिच्यावर एखादं बडं नाव नव्याने छापलेलं असेल तर बारसं झालेलं. तेजाबाची वाफ देऊन काळंहिरवं केलेलं नवं पितळ समोर आलं की ते भिंग खाली ठेवून म्हणायचे, "हे म्हातारं नाही, आजारी आहे." हे शब्द माझ्याही तोंडात इतके बसले, की लॅबमध्ये एकदा दोन पेशंटांच्या नळ्यांवरची लेबलं उलटसुलट झाली तेव्हा मी डॉक्टरांना "बिजवर रिपोर्ट आहे" असं सांगून बसले. डॉक्टर सोलापूरचे होते, त्यांना ते लगेच कळलं.

फोटोवरून ते निकाल देत नसत. लोक मोबाइलवर दहा बाजूंनी काढलेले फोटो दाखवायचे आणि काका मोबाइल उलटा करून त्याची पाठ बघायचे. फोटोला पाठ नसते, एवढंच म्हणून परत द्यायचे. घड्याळ प्रत्यक्ष आणलं तर मात्र कुणालाही नाही म्हणायचे नाहीत आणि कुणाकडून काही घ्यायचेही नाहीत.

मिरा रोडचे एक दातांचे डॉक्टर एकदा विमानतळावरचं घड्याळ घेऊन आले. दुलईत गुंडाळलेलं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी मला पडदा ओढायला आणि ट्यूबलाइट बंद करायला सांगितलं. अंधारात घड्याळाचे काटे आणि आकडे हिरवेगार चमकू लागले. युद्धातल्या वैमानिकांना काळोखात दिसावं म्हणून हा खास रंग असायचा, आणि बघा, अजून तसाच आहे, असं डॉक्टर भारावून सांगत होते. काका थोडा वेळ त्या हिरव्या उजेडात स्वस्थ बसून राहिले. मग म्हणाले, "लॅब, लाइट लाव गं."

त्या काळच्या रंगाची चमक कधीच मेलेली असते, त्यांनी डॉक्टरांना समजावलं. खऱ्या घड्याळाचे काटे आता तपकिरी आणि थंडगार असायला हवेत. ऐंशी वर्षांचा माणूस अचानक धावायला लागला तर आपण टाळ्या वाजवत नाही, डॉक्टरला बोलावतो. पाहुणे जरा दुखावून म्हणाले, की मीच डॉक्टर आहे. काका म्हणाले, "दातांचे."

दर मंगळवारी ते पूर्वेला जायचे. तिकडे स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमध्ये एका शेठचा गाळा होता, तिथे हॉटेलांत लावायची जहाजी घड्याळं बनायची. साथीच्या दिवसांत डॉक्टर जसा कुठला ताप आलाय याच्यावर नजर ठेवतो, तसे काका तिथे नवं काय निघालंय ते बघायचे. शेठबद्दल त्यांना आदर होता. हा माणूस खोटं बनवत नाही, नवं बनवतो, खोटं ते पुढच्या दुकानात होतं, असं ते सांगायचे. एका मंगळवारी त्यांनी मलाही नेलं. शेठने एक चकचकीत घड्याळ त्यांच्या हातात देऊन फार आर्जवाने विचारलं, "चाचा, इसमें क्या कम है, बोलो ना. मैं सुधार दूँगा." काकांनी ते पाच मिनिटं उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "कम कुछ नहीं है," ते म्हणाले. "यही कम है." शेठने आम्हाला चहा दिला. त्याला ते कळलं नाही याचं काकांना बरंच वाटलं असावं.

आता काकूंबद्दल. काकू पुण्याला मुलीकडे गेल्या होत्या. मी राहायला आले तेव्हा त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. भांडण वगैरे काही नव्हतं, दर रविवारी फोन यायचा. फोनवर काका औषधांची नावं सांगायचे आणि काकू भाज्यांची. हे सगळं सुरू झालं ते मुलीच्या साखरपुड्यापासून, असं इमारतीतल्या बायका सांगायच्या. ठाण्याला मुलाकडे समारंभ होता. दिवाणखान्यात मुलाच्या आजोबांनी लढाईवरून आणलेलं म्हणून एक घड्याळ टांगलेलं होतं, हार घालून. व्याही कौतुकाने म्हणाले, की काय हो, तुमच्या खात्यातलंच आहे ना? कुठलाही शहाणा माणूस हो म्हणाला असता. काकांनी स्टूल मागितलं. नवं धोतर सावरत ते स्टुलावर चढले, हार बाजूला करून भिंग लावलं आणि वरूनच सांगितलं, की बारसं झालेलं आहे.

लग्न झालं, कारण मुलगा समजूतदार होता. पण काकू पुढे मुलीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तिकडेच रमल्या. मी काकांना एकदा विचारलं, तेव्हा ते खरोखरच गोंधळलेले दिसले. "त्यांनी विचारलं होतं," ते म्हणाले. मी ही गोष्ट पुढे कितीतरी जणांना हसत हसत सांगितली आहे. उत्तनच्या घड्याळाचं प्रकरण होईपर्यंत मला ती हसण्यासारखीच वाटत होती.

आमच्या लॅबमध्ये अनिता म्हणून मुलगी होती, रक्त घ्यायचं काम करायची, समुद्रकाठच्या उत्तन गावची. तिच्या सासऱ्यांना वारून वर्ष होत आलं होतं. पास्कू त्यांचं नाव. तरुणपणी ते काही वर्षं गोदीत मजूर म्हणून होते, मग गावी येऊन वडिलांच्या होडीवर गेले. येताना एक घड्याळ आणलं. जहाज मोडीत निघालं तेव्हा साहेबाने इंजिनघरातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, बक्षीस म्हणून, असं ते सांगायचे. पास्कूंच्या बाकीच्या गोष्टीही मोठ्या असायच्या आणि दरवर्षी वाढायच्या, त्यामुळे हीही कुणी खरी मानली नाही. मुंबईच्या जुन्या बाजारातून उचललं असणार, असंच सगळे म्हणायचे. गावात कुणी फार वाढवून बोलू लागला की लोक "पास्कूचा घड्याल" म्हणून त्याला गप्प करायचे. पास्कूंच्या बायकोचाही, रेजिनाबायचाही, त्यावर विश्वास नव्हता. अनिता म्हणाली, की सासू हल्ली सारखी त्या घड्याळाकडे बघत बसते, तुझ्या काकांना एकदा आणशील का?

एका रविवारी मी काकांना स्कूटरवर बसवून उत्तनला नेलं. रेजिनाबाय चर्चमधली मिस्सा आटोपून आली होती, अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण ताठ. तिने आधी काकांना पाणी दिलं, मग समोर बसून नीट सांगितलं.

"घड्याल इकायचा न्हाय मना," ती म्हणाली. "तो बोलायचा ता मी कदी खरा मानला न्हाय. तोंडावर खोटारडा बोलले त्याला. आता तो न्हाय. मना येवढाच सांगा, तो खोटा बोलत होता का?"

घड्याळ भिंतीवर होतं, किती वर्षांपासून बंद. काच कधीच फुटलेली. आणि त्याला अंगभर रंग दिलेला होता, जाड, तुकतुकीत तेलरंग. पेटी हिरवी, तबकडी पांढरी, काटे लाल. आकडे ब्रशने हाताने काढलेले, होडीवर नंबर टाकतात तसे गलेलठ्ठ. स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजलेल्या. चावीच्या भोकाभोवती ओरखडा नाही, रंगच रंग. कडेला एके ठिकाणी टवका उडाला होता आणि त्यात खालचे पाचसहा रंग पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होते. काकांनी त्या टवक्यावर भिंग बराच वेळ धरलं. हे तंत्र त्यांच्या ओळखीचं होतं. थरावर थर द्यायचे, मग मुद्दाम टवका उडवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला वस्तू फार पावसाळे पाहिलेली वाटते. तबकडी काढून आत बघायचं तर रंग खरवडावा लागला असता, आणि दुसऱ्याच्या वस्तूला ओरखडा काढायचा नाही हा त्यांचा नियम होता. शिवाय गरजही नाही, असं ते म्हणाले. एवढा रंग देतात तो काहीतरी झाकायलाच देतात.

"खोटं आहे," काकांनी सांगितलं.

 रेजिनाबायचे खांदे सैल झाले. "मंग मी बरोबर होते," ती म्हणाली आणि आम्हाला जेवायला वाढायला उठली. जेवताना ती अनिताच्या नवऱ्याशी हसून बोलत होती. सासू इतकी मोकळी बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती, असं अनिताने मला हळूच सांगितलं. पुढच्या आठवड्यात कळलं, की तिने घड्याळ भिंतीवरून उतरवून सुक्या मासळीच्या पिंपावर ठेवलंय, मांजरं झाकण ढकलतात म्हणून. गोष्ट गावभर झाली होती. काकांनी ते ऐकून मान डोलावली. वजनाला चांगलं आहे, असं म्हणाले.

पावसाळ्याच्या तोंडावर बेगमीचे बोंबील घ्यायला आम्ही पुन्हा उत्तनला गेलो. होड्या वर ओढलेल्या होत्या. अनिताचा नवरा आपल्या होडीचा जुना रंग पत्र्याने खरवडत होता. काका बोंबलांची पिशवी हातात धरून बघत उभे राहिले, आणि मग उभेच राहिले. खरवडलेल्या जागी रंगांचे पट्टे एकाखाली एक दिसत होते. काका पुटपुटायला लागले. हिरवा, पांढरा, निळा, निळा, लाल, हिरवा. त्यांनी अनिताच्या नवऱ्याला विचारलं, की निळा दोनदा का? तो म्हणाला, एका वर्षी निळाच फार उरला होता, पुढच्या वर्षी तोच लावला. उरलेल्या रंगाचं तुम्ही काय करता, काकांनी विचारलं.

"होडीचा रंग टाकायचा नसतो," तो म्हणाला. "उरंल तो घरात लावायचा. दाराला, बाकड्याला, अंगणातल्या क्रुसाच्या चौथऱ्याला. घड्यालाला पन लावायचो. बाबाच लावायचा, दर सालला."

काका होते तिथे वाळूत बसले. बसायच्या आधी जागा न तपासता बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

टवक्यातले रंग त्यांना क्रमाने पाठ होते, असल्या गोष्टी ते विसरत नसत. तोच क्रम होता, दोन निळ्यांसकट. खोटं करणारा दोन दुपारींत सहा थर देतो. इथे एका माणसाने वर्षाला एक असा थर दिला होता, होडी रंगवून झाली की, काहीही झाकायचं मनात नसताना. घड्याळ खरं आहे असं यावरून ठरत नव्हतं. पण ज्यावरून ते खोटं ठरवलं होतं ते सगळं वाहून गेलं होतं. काकांनी ते पुन्हा तपासायला मागितलं. रेजिनाबाय शेजारी गेली होती. अनिताने पिंपावर वरवंटा ठेवला आणि घड्याळ सिमेंटच्या पिशवीत घालून दिलं.

आठ दिवस ते रंग काढत होते. बांबूची कामटी, चिंध्या आणि कसलंसं उग्र औषध, ज्याच्या वासाने खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा तक्रार केली. मी कामावरून आले की रोज जाऊन बघायचे. एकेका वर्षाची होडी निघत होती. सगळ्यात खाली पितळ लागलं. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या होत्या. चावीच्या भोकाभोवती ओरखड्यांचं जाळं होतं. पेटीच्या कडेला सरकारी मालावर मारतात तो बाण होता, आणि त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा बाण. काकांनी बराच वेळ त्या दोन बाणांवरून अंगठा फिरवला. एक बाण म्हणजे वस्तू सरकारची, दुसरा समोरून मारला म्हणजे सरकारने ती सोडून दिली. ही दुसरी खूण खोटं करणारे सहसा मारत नाहीत, त्यांना एका बाणातच पैसे मिळतात.

मग त्यांनी तबकडी काढली. यंत्राच्या मागे, तेलकट कागदात घडी करून, गेट पास होता.

गोदीच्या फाटकातून पासाशिवाय चिंधीसुद्धा बाहेर नेता येत नसे, हे काकांनी मला पूर्वी सांगितलं होतं. पास हरवू नये म्हणून तिथले लोक तो वस्तूच्याच पोटात ठेवून द्यायचे. काकांच्या घरी एक जुनं स्टूल होतं, त्याच्या खालीसुद्धा तसा पास चिकटवलेला होता. हा तपकिरी झालेला होता, पण अक्षरं वाचता येत होती. एक घड्याळ, निकामी, बक्षीस. खाली कुणा साहेबाची सही, आणि वर नेणाऱ्याचं नाव. पास्कूंचं.

काकांनी दोन दिवस एकही घड्याळ हातात घेतलं नाही. भिंग कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाजारातून भाजी न तपासता आणली आणि दोन्ही दिवस वांगी किडकी निघाली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, की रविवारी उत्तनला जायचं.

मी जाऊ नका म्हटलं. चार वर्षांत मी त्यांच्याशी तेवढी एकदाच भांडले. तिला तुम्हीच सांगितलंत की ती बरोबर होती, मी म्हटलं. पन्नास वर्षं नवऱ्याला खोटारडा म्हटल्याचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरलंय. आता या वयात ते परत कशाला ठेवायचं? पास परत आत ठेवा, तबकडी लावा आणि घड्याळ पिंपावर जाऊ दे. मला तेव्हा पहिल्यांदा काकूंचा राग काय असेल ते कळलं. माझा आवाज चढला होता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "तुझ्या लॅबचा रिपोर्ट चुकला," ते म्हणाले, "आणि पेशंट त्या रिपोर्टवर खूश असला, तर तू काय करतेस?"

मी काय करते ते त्यांना माहीत होतं. रिपोर्ट चुकल्याचं पेशंटला सांगणारा एक फोन मी त्यांच्या समोरच केला होता.

रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. रेजिनाबायने मागच्यासारखंच आधी पाणी दिलं. काका बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी घड्याळ पिशवीतून काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. "बाय, माझं चुकलं," ते म्हणाले. "घड्याळ खरं आहे. साहेबानेच दिलेलं आहे. त्यांनी तुम्हाला खरं सांगितलं होतं." मग त्यांनी पास तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून अनिताने वाचून दाखवला, दोनदा.

काका मग स्क्रूंबद्दल सांगू लागले, ओरखड्यांबद्दल, दोन बाणांबद्दल, आपण कुठे चुकलो आणि कसे चुकलो ते सगळं, एक पायरी न गाळता. ती ऐकत नव्हती. ती पासाची घडी घालत होती आणि उघडत होती.

"मना बोलायचा, माज्या शब्दाला कागद कशाला पायजे," ती शेवटी म्हणाली. "कागद होता तरी काडला न्हाय. आमी बी कोनी मागला न्हाय. हसलो नुसता."

 मग ती काकांकडे न बघता, दाराबाहेर बघत सांगू लागली. अनिताच्या नवऱ्याच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. दोन वर्षांचा होऊन तापाने गेला. पास्कू तेव्हा गोदीत, तिकडेच राहायचे. पोराला ताप चढला तेव्हा तिने पाद्रीबाबांकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि मुंबईला जाणाऱ्या एकाच्या हातात दिली. पास्कू आले ते पोर गेल्यावर अकराव्या दिवशी, नेहमीसारखे, पोरासाठी खाऊ घेऊन. चिठ्ठी मिळालीच नाही, म्हणाले. मरेपर्यंत तेच म्हणत राहिले. तिने एकदाही मानलं नाही. चिठ्ठी मिळून आला नाही, सुट्टीचे पैसे कापतील म्हणून आला नाही, असं ती धरून चालली होती. अनिताला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

रेजिनाबाय रडत नव्हती. तिने काकांना विचारलं, अगदी कामाचं विचारावं तसं.

"घड्यालाचा तुमी बगून सांगला. चिठ्ठीचा कसा बगतात?"

काकांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"नाही बघता येत, बाय," ते म्हणाले.

तिने पास घड्याळावर ठेवला आणि वर तळहात ठेवला. "मंग ह्या घड्यालावरनंच धरते मी," ती म्हणाली. "चिठ्ठी त्याला मिलाली नवती."

 मी काकांकडे बघत होते. व्याह्यांच्या घरी स्टुलावर चढलेला हा माणूस आता काय बोलेल याची मला भीती वाटत होती.

"धरा," काका म्हणाले.